घोडी व्यालीय, दूध कमी वाटतंय, कोणती पावडर देऊ?

प्रश्न: काका नमस्कार, निफाड तालुक्यातून लिहितोय. आमची मारवाडी घोडी मैना, वय ८ वर्षं, दुसरं वेत, २२ दिवसांपूर्वी व्याली, शिंगरू नर आहे. शिंगरू सारखं कासेला ढुसण्या देतं, मैनेच्या बरगड्या दिसायला लागल्यात आणि कासपण छोटीच दिसते. रोजचा खुराक असा आहे: गव्हाचा कोंडा ३ किलो, भिजवलेले हरभरे १ किलो, उसाचं वाढं खाईल तेवढं आणि गव्हाचं भुसकट. मेडिकलवाल्याने गाईचं लिक्विड कॅल्शियम दिलंय, रोज १०० मिली पाजतो, लेबलवर १०० मिलीला १,६५० मिलीग्रॅम कॅल्शियम लिहिलंय. शेजारचे गोठेवाले म्हणतात दूधवाढीची पावडर आणि गाईची कांडी पेंड चालू कर, मामा म्हणतात कोंडा अजून वाढव. नक्की कोणती पावडर देऊ? लग्नसराई चालू झालीय, वरातीच्या सुपाऱ्या घेतल्यात. आणि शिंगराची वाढ जोरात व्हायला पाहिजे, दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला न्यायचंय. मी २४ वर्षांचा आहे, तू म्हटलं तरी चालेल.

उत्तर: भाऊ, तू खुराक किलोत मोजून लिहिलास आणि कॅल्शियमच्या कॅनचं लेबलसुद्धा वाचून पाठवलंस ते फार चांगलं केलंस, नाहीतर बहुतेक पत्रांत 'दूध कमी आहे, टॉनिक सांगा' एवढंच असतं आणि मग अंदाजाने बोलावं लागतं. पावडरीचं सांगतोच, पण शेवटी सांगतो, कारण मैनेच्या गव्हाणीत आज जे पडतंय ते तसंच राहिलं तर वरून कितीही भारी पावडर टाकली तरी तिचा उपयोग होणार नाही.

आधी हे बघू की दूध खरंच कमी आहे का. गाई-म्हशी बघून बघून आपली नजर मोठ्या कासेला सरावलेली असते म्हणून घोडीची कास बघितली की वाटतं हिला दूधच नाही. घोडीला दोनच सड, आणि सगळ्या कासेत मिळून एका वेळी जेमतेम दोनेक लिटर दूध मावतं, पण शिंगरू तासाला दोन-तीनदा पितं आणि कास परत परत भरत राहते, असं करत ४०० किलोची घोडी पहिल्या दोन-तीन महिन्यांत दिवसाला १० ते १२ लिटर दूध देते म्हणजे स्वतःच्या वजनाच्या साधारण ३ टक्के. त्यामुळे कासेकडे बघून काही ठरवू नकोस, शिंगराकडे बघ. पोटभर पिणारं शिंगरू पितं, थोडं हुंदडतं आणि मग पाय पसरून गाढ झोपतं, लघवीपण वारंवार आणि पाण्यासारखी करतं. ज्याला दूध पुरत नाही ते पिऊन झालं तरी कासेखालून हलत नाही, परत परत ढुसण्या मारतं, झोपलं तरी लगेच उठतं आणि आठवड्याभरात त्याच्या पाठीवरची, ढुंगणावरची हाडं लागायला लागतात.

आणि सगळ्यात खरं उत्तर वजनकाटा देतो. तुमच्याकडे कांद्याच्या गोणीचा नाहीतर द्राक्षाच्या क्रेटचा प्लॅटफॉर्म काटा कुणाकडे ना कुणाकडे असणारच, शिंगराला दोघांनी धरून त्यावर उभं करा, मैनेला शेजारी दिसेल असं बांधा म्हणजे तेही घाबरणार नाही. जन्मताना शिंगरू आईच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढं असतं म्हणजे तुझं ३८-४० किलोचं असेल, आणि चांगलं दूध असलं की पहिले काही आठवडे दिवसाला किलोच्या आसपास भरतं, म्हणजे आज २२ व्या दिवशी ते ५८-६० च्या पुढेमागे असलं तर दूध ठीक आहे आणि ५०-५२ वरच अडकलं असलं तर खरंच कमी पडतंय. दर आठवड्याला त्याच वारी वजन कर आणि भिंतीवर लिहून ठेव. मैनेचं वजन काट्यावर होणार नाही, तिचं टेलरच्या टेपने काढ: पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतची लांबी, भागिले ११,८८०. घेर १७२ आणि लांबी १६० आली तर वजन साधारण ३९८ किलो. पुढचा सगळा हिशोब मी ४०० किलो धरून करतोय, तुझं कमीजास्त असेल तसा बदल कर.

मला स्वतःला वाटतं मैनेला दूध थोडं कमी असेलच, पण बरगड्या दिसतायत ती जास्त काळजीची गोष्ट आहे, कारण घोडी आधी स्वतःच्या अंगावरचं झिजवून शिंगराला दूध पाजते आणि अंगावर काही उरलं नाही की मग दूध आटवते. दुसऱ्या महिन्याच्या आसपास तिचं दूध सगळ्यात जास्त असतं, ती वेळ अजून यायचीय, म्हणजे ओढ अजून वाढणार आहे. नुसती उभी असलेली घोडी आणि शिंगरू पिणारी घोडी यांच्या गरजेत किती फरक असतो बघ: एनर्जी जवळपास दुप्पट, प्रोटीन दुपटीच्या वर आणि कॅल्शियम तर जवळजवळ तिप्पट लागतं. ४०० किलोच्या व्यालेल्या घोडीला दिवसाला सव्वा किलोच्या आसपास प्रोटीन लागतं आणि तू देतोयस त्यातून माझ्या हिशोबाने ८५०-९०० ग्रॅमच जातंय, त्यातपण लायसिन नावाचा जो भाग शिंगराच्या अंगबांध्याला लागतो तो कोंड्यात फार कमी. दूध कमी पडायचं कारण हे आहे.

आता पाणी, जे तू लिहिलंच नाहीस. सध्या निफाडची पहाटेची थंडी तुला माहितीच आहे, टाकीतलं पाणी बर्फासारखं गार असतं आणि घोडी ते तोंड लावून सोडून देते. दूध देणाऱ्या घोडीला ह्या दिवसांत ४० लिटर तरी हवं, एप्रिल-मेमध्ये ५०-६० च्या वर जातं. पाणी समोर चोवीस तास पाहिजे, सकाळ-संध्याकाळ बादली दाखवून आणायची असं नाही. दोन दिवस बादल्या मोजून बघ किती पिते, विहिरीचं ताजं उपसलेलं पाणी थंडीत कोमट असतं ते दे, आणि चंदीत (म्हणजे धान्य-पेंडेच्या खुराकात) रोज ३०-४० ग्रॅम मीठ टाक. कितीतरी ठिकाणी नुसतं पाणी आणि मीठ नीट केल्यावर आठवड्यात शिंगरू शांत झालेलं मी बघितलंय.

आता कोंडा आणि वाढं यावर जरा सविस्तर बोलतो, कारण मामांनी कोंडा वाढवायला सांगितलाय आणि ते वाचून मला माझ्या घरचीच घोडी आठवली. आमच्याकडे टांगा होता, पंचवटीत. शेजारीच पिठाची गिरणी, कोंडा स्वस्त मिळायचा, वडील प्रेमाने तोबरा भरभरून कोंडा घालायचे, घोडी आवडीने खायची पण. वर्ष-दीड वर्षाने ती कधी ह्या पायाने लंगडायची कधी त्या, नाल बदलून बघितले, तेल चोळून बघितलं, काही होईना, मग हळूहळू नाकाच्या वरची हाडं दोन्हीकडून फुगली, चावायला त्रास व्हायला लागला, तोंड डबा बसवल्यासारखं दिसायला लागलं. ज्या डॉक्टरांनी शेवटी ओळखलं त्यांनी पहिला प्रश्न विचारला, कोंडा किती घालता. तोपर्यंत उशीर झाला होता, ती परत कधी टांग्याला जुंपता आली नाही. वडिलांना ते शेवटपर्यंत लागून राहिलं, म्हणून कोंड्याचा विषय निघाला की मी थांबत नाही. युरोपात पूर्वी ह्याला गिरणीवाल्यांचा आजार म्हणायचे, कारण पिठाच्या गिरणीवाल्यांच्या घोड्यांनाच तो जास्त व्हायचा.

कारण असं, १ किलो गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस १०-१२ ग्रॅम आणि कॅल्शियम फक्त एक-दीड ग्रॅम. घोड्याच्या एकूण खुराकात कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा जास्त पाहिजे, दीडपट ते दुप्पट चांगलं, बरोबरीच्या खाली कधीच नको. तुझा ३ किलो कोंडा म्हणजे ३० ग्रॅमच्या वर फॉस्फरस आणि जेमतेम ४ ग्रॅम कॅल्शियम. हरभऱ्यातपण कॅल्शियम थोडंच. भुसकटात थोडं. आणि राहिलं उसाचं वाढं, तर त्यात ऑक्झॅलेट असतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि घोड्याच्या आतड्यात ते सुटत नाही, तसंच लिदीतून बाहेर पडतं. गाय-म्हैस रवंथ करते, तिच्या पोटातले जंतू बऱ्यापैकी ऑक्झॅलेट मोडतात म्हणून तिचं निभावतं, घोड्याला ती सोय नाही. नेपियर म्हणजे हत्तीगवताचंही तसंच आहे, त्यामुळे वाढं संपलं म्हणून नेपियरवर जाऊ नकोस.

मग रक्तातलं कॅल्शियम सांभाळायला घोडीचं शरीर हाडांतून कॅल्शियम काढतं. १२ लिटर दुधातून रोज १२ ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम शिंगराकडे जातंय आणि ते बाहेरून नीट येत नसेल तर मैनेच्या हाडांतून जातंय. तुझं लिक्विड कॅल्शियम रोज दीड-पावणेदोन ग्रॅम देतंय, तिची गरज आहे ४७ ग्रॅमच्या आसपास. आता तूच सांग त्या कॅनने काय होणार.

ह्यावर इलाज तुमच्याच भागात आहे, तो म्हणजे घास. लसूण घास म्हणतो तो, ल्युसर्न (लसणाशी काही संबंध नाही, मागे एकाने खरंच घोडीला लसणाची पात घातली होती म्हणून लिहितोय). राहुरी विद्यापीठाची आर एल ८८ जात आपल्याकडे भरपूर लावतात, डेअरीवाल्यांकडे विकत मिळेल नाहीतर पाच गुंठे स्वतःच टाक, एकदा लावली की कापण्या चालू राहतात. वाळलेल्या घासाच्या १ किलोत १२ ते १४ ग्रॅम कॅल्शियम आणि २० टक्क्यांच्या जवळ प्रोटीन, म्हणजे तुझ्या कॅनचे सात-आठ दिवसांचे डोस एका किलोत आले आणि वर प्रोटीन मिळालं ते वेगळंच.

तर मैनेचा दिवसाचा खुराक मी असा करीन: हिरवा घास १० किलो, कापून अर्धा दिवस सुकवलेला, दव असलेला ओला एकदम घालू नको पोट फुगतं. सोबत चांगलं वाळलेलं गवत ५ किलो, इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूचं डोंगरी गवत मिळालं तर उत्तम, धूळ आणि बुरशीचा वास नसलेलं, भुसकट फक्त चघळायला राहू दे. चंदी एकूण साडेतीन ते चार किलो, त्यात निम्म्याच्या आसपास भरडलेला ओट किंवा जव, थोडा मका चालेल, हरभरा पाऊण ते एक किलो भिजवून, सोयाबीनची पेंड अर्धा किलो आणि कोंडा अर्धा किलो, त्याहून जास्त नाही. त्यात रोज १५० मिली खायचं तेल, सोयाबीनचं किंवा सूर्यफुलाचं, ५० मिलीपासून चालू करून हळूहळू वाढवत न्यायचं, बरगड्या झाकायला ते फार उपयोगी आहे आणि धान्यासारखं पोट बिघडवत नाही. ह्या सगळ्याचा हिशोब केला तर प्रोटीन सव्वा किलोच्या आसपास बसतं आणि कॅल्शियम-फॉस्फरस दीडास एक येतं, म्हणजे कॅनची गरजच उरत नाही.

पण हे सगळं उद्या सकाळी एकदम करू नकोस. घोड्याचं पोट गाईसारखं नाही, त्याला उलटी होत नाही, खुराक अचानक बदलला की पोटशूळ उठतो किंवा खुरांत लॅमिनायटिस (खुराच्या आतल्या थराला सूज) होतो आणि मग घोडीही जाते नि दूधही जातं. ८ ते १० दिवस धर, रोज थोडा कोंडा कमी, थोडी नवी चंदी जास्त, वाढं पण रोज एकेक पेंढी कमी करत बंद. चंदी दिवसातून तीनदा दे, एका वेळी दीड किलोच्या वर नको, आणि चंदीच्या आधी थोडं गवत तोंडी लागू दे. सोयाबीन घरचं आहे म्हणून कच्चं भरडून घालशील तर तसं करू नको, कच्च्या सोयाबीनमुळे प्रोटीन नीट पचत नाही, पेंडच घे, पोल्ट्रीवाले जिला डीओसी म्हणतात तीच.

आता शेजाऱ्यांचा सल्ला. गाईची कांडी पेंड किंवा कोंबडीचं खाद्य मैनेच्या आसपासही नको. ह्यातल्या काही खाद्यांत मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिनसारखी औषधं मिसळलेली असतात, कोंबड्यांना कॉक्सिडिओसिस हा आतड्याचा आजार होऊ नये म्हणून आणि गाईंचं पचन सुधारावं म्हणून. कोंबडीला आणि गाईला ते चालतं, घोड्याचं हृदय त्याने बंद पडतं. मोनेन्सिन किलो वजनामागे दोन-तीन मिलीग्रॅम इतक्या कमी डोसलाही घोडा मरू शकतो आणि त्यावर उतारा नाही. नाशिक जिल्ह्यात गावोगाव पोल्ट्री आहेत, उरलेलं पोतं घोड्यासमोर रिकामं करायचा मोह होतो, म्हणून तुझ्या घरातल्या प्रत्येकाला हे सांगून ठेव, लहान पोरांनासुद्धा. चंदी दळायला टाकताना चक्कीत आधी पोल्ट्रीचं खाद्य दळलं नाही ना तेही विचार.

त्याच ओघात, मुरघास (हवाबंद करून मुरवलेला हिरवा चारा) नको, त्यात बोट्युलिझमचं विष तयार झालेलं असलं तर गाय कदाचित तगेल पण घोडा फार नाजूक आहे. बुरशी लागलेला मका नको, एक दाणाही नाही, त्यातल्या विषाने घोड्याचा मेंदू अक्षरशः वितळतो, गेल्या हंगामातला मका पत्र्याच्या शेडमध्ये ठेवला असशील तर हातात घेऊन वास घेऊन बघ. बाजरी घालत असशील तर त्यात अरगट नावाच्या बुरशीचे काळे लांबट दाणे नाहीत ना बघ, अरगटने दूध सरळ आटतं. शेंगदाणा पेंड आणि सरकी पेंड जुनी, दमट असली की बुरशीचं विष असतं, मी घोडीला ती घालतच नाही. कोवळी ज्वारी नको, किराळ लागते म्हणजे तिच्यातलं विष बाधतं. आणि तुम्ही निफाडवाले म्हणून मुद्दाम सांगतो, चाळीतून निवडून टाकलेला कांदा जनावरापुढे ओतायची सवय असते ती घोडीच्या बाबतीत मोडा, कांद्याने घोड्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, लघवी लाल-काळी होते. द्राक्षबागेतलं गवतही फवारणीच्या दिवसांत कापू नको. दूध उतरवायचं इंजेक्शन कुणी सुचवलं तर त्याला दारातूनच परत पाठव, त्याने दूध तयार होत नाही, असलेलं खाली येतं एवढंच.

आता पावडर. वर सांगितलेला खुराक चालू झाला की रोज घोड्यांसाठीचं मिनरल मिक्स्चर ३० ते ५० ग्रॅम दे, लेबलवर कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा जास्त आहे ना आणि झिंक, कॉपर, सेलेनियम, व्हिटॅमिन ई आहे ना एवढं बघ, माप लेबलवर लिहिलंय तेच. घासाची सोय होईपर्यंतच्या मधल्या दिवसांत कॅल्शियम भरून काढायला खाद्यात टाकायची चुनखडीची पावडर मिळते ती रोज ५०-६० ग्रॅम चंदीत मिसळ, त्यात ३५ टक्क्यांच्या वर कॅल्शियम असतं आणि ती कॅनपेक्षा कितीतरी स्वस्त पडते (पानाला लावायचा चुना नव्हे, तो तोंड भाजतो). दोन वेगवेगळी मिक्स्चर एकत्र देऊ नको, सेलेनियम जास्त झालं की विषारी होतं, शेपटीचे-आयाळीचे केस गळतात, खूर सुटतात. सेलेनियम आणि व्हिटॅमिन ई आईला दिलं की दुधातून शिंगराला पोचतं, कॉपरचं मात्र तसं नाही, आता मैनेला कितीही कॉपर दिलं तरी दुधात ते वाढत नाही. शिंगरू पोटात असतानाच शेवटच्या महिन्यांत यकृतात कॉपर साठवून घेतं आणि जन्मल्यावर त्यावर दिवस काढतं. म्हणून पुढच्या वेळी गाभण असेल तेव्हा नवव्या महिन्यापासून मिनरल मिक्स्चर चालू कर, पोटातल्या शिंगराची निम्म्याहून जास्त वाढ त्या शेवटच्या तीन महिन्यांतच होते.

शतावरी, मेथी विचारतात सगळे. मूठभर मेथी चंदीत टाकलीस तर काही बिघडत नाही, आमच्याकडेही व्यालेल्या घोडीला गूळ-मेथी द्यायचे, पण प्रोटीन आणि पाणी कमी असताना त्याच्या भरवशावर राहू नको. बायपास फॅट (चरबीची पावडर) गाईंसाठी आहे, तेल देतोयस तर त्याची गरज नाही. यीस्ट दिलंस तर चारा जरा बरा पचतो, पैसे उरले तर दे. आणि शिंगराला रक्तवाढीचं आयर्न टॉनिक अजिबात पाजू नको, नवजात शिंगरांना आयर्न पाजल्याने यकृत निकामी होऊन ती दगावलेली आहेत. जंताचं औषध मैनेला व्यायच्या वेळी दिलं नसेल तर डॉक्टरांना विचारून आत्ता दे, शिंगराचं पहिलं साधारण दोन महिन्यांनी.

वरातीचं बोलायला मला जड जातंय कारण सुपाऱ्या घेतल्यात म्हणजे इसार पण घेतला असशील आणि ह्याच दोन-तीन महिन्यांवर वर्षाचं गणित असतं, आमच्याही घरी तसंच होतं. तरीपण सांगतो, पहिले तीन महिने मैनेला वरातीला नेऊ नको. चार-पाच तास डीजेसमोर, शिंगरू घरी उपाशी ओरडतंय, कास दाटून दुखतेय, आणि खाल्लेलं जे दुधात जायचं ते नाचण्यात जातंय. असं आठवड्यातून तीनदा झालं की दूध आटणारच आणि मग दुसरं घोडं भाड्याने आणण्यापेक्षा जास्त पैसे शिंगरू वाचवण्यात जातील. ओळखीतल्या कुणाची घोडी ह्या सुपाऱ्यांवर पाठव, कमिशन तुझं घे, मे महिन्याच्या शेवटच्या तिथींना मैना हलक्या कामाला तयार होईल.

राहिलं शिंगरू आणि सारंगखेडा. दत्तजयंतीला ते दहा-अकरा महिन्यांचं असेल, बाजारात उंची आणि चमक बघतात हे मलाही माहितीय. पण शिंगराची वाढ जोरात करायची म्हणून धान्य कोंबलं की हाडांपेक्षा वजन पुढे पळतं, गुडघ्याच्या वर आणि घोट्याजवळ सांधे फुगतात, पाय पुढून सरळ ताठ उभे राहायला लागतात, आणि पायात खोट असलेलं शिंगरू जाणकार माणूस लगेच बाजूला काढतो. दोन महिन्यांचं झालं की त्याची वेगळी छोटी गव्हाण कर, आडवा बांबू असा बांध की ते खालून आत जाईल पण मैनेला जाता येणार नाही. वयाच्या एका महिन्याला दिवसाला अर्धा किलो एवढाच हिशोब धर, दोन महिन्यांच्याला एक किलो, तीन महिन्यांच्याला दीड, तेही थोडं थोडं वाढवत आणि दोन-तीन वेळात वाटून. त्यात १६ ते १८ टक्के प्रोटीन बसलं पाहिजे, भरडलेला ओट, सोयाबीन पेंड, थोडं मिनरल मिक्स्चर, आणि बाजूला चांगला वाळलेला घास. तिसऱ्या महिन्यानंतर मैनेचं दूध आपोआप उतरतं तेव्हा हेच त्याला सांभाळून घेतं. दूध पाचव्या-सहाव्या महिन्यात तोड, त्याआधी तोडायची घाई नको. रोज मोकळं पळायला जागा दे, बांधून ठेवलेल्या शिंगराचे पाय कधी चांगले होत नाहीत. ते मैनेची लीद खाताना दिसलं तर मारू नको, ह्या वयात सगळीच शिंगरं खातात, त्यातून पोटात चांगले जंतू जातात.

आणि पुढचं कुठलंही एक लक्षण दिसलं तर माझ्या उत्तराची वाट बघू नको, लगेच पशुवैद्यकाला बोलाव: शिंगराच्या तोंडावर दूध वाळलेलं आहे आणि मैनेची कास टचटचून भरलेली आहे, म्हणजे ते पीतच नाहीये. कास एका बाजूने गरम, कडक, दुखरी. मैनेचा ताप १०१.५ फॅरेनहाइटच्या वर. शिंगराला हगवण आणि ते सुस्त पडलंय. दूध खरंच नसल्यात जमा झालं असेल तर तेही डॉक्टरांना स्पष्ट सांग, घोड्यांमध्ये दूध आणायचं औषध आहे पण ते त्यांनीच तपासून द्यायचं, आणि तोवर शिंगराला शेळीचं दूध थोडं थोडं करून दर दोन तासांनी पाजता येतं.

आज पहिलं काम वजनाचं आणि बादल्या मोजायचं. पुढच्या तीन रविवारचं शिंगराचं वजन, मैनेच्या छातीचा घेर आणि ती पाणी किती प्यायली हे लिहून पाठव, त्यावरून चंदी कमी करायची की वाढवायची ते सांगतो.